छाती दुखत नाही, दम मात्र लागतो

रोज सकाळी पर्वती चढणाऱ्यांमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘हल्ली दम लागतो, वय झालं.’ कोणी वाढलेल्या वजनाला बोल लावतो, कोणी शहरातल्या धुळीला. हृदयाचं नाव निघत नाही, कारण छातीत कळ आलेली नसते.

दवाखान्यातही फसगत होऊ शकते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये देशभरातल्या दवाखान्यांत एकाच दिवशी आलेल्या २,०४,९१२ रुग्णांच्या तक्रारी नोंदवल्या. निम्म्याहून अधिक जणांना श्वसनाचीच काही ना काही तक्रार होती. खोकला, सर्दी, दम्याच्या एवढ्या गर्दीत हृदयामुळे लागणारी धाप वेगळी काढायची म्हणजे नजर हवी.

त्यात एक जुनी शिकवण आड येते. १७६८ मध्ये लंडनच्या विल्यम हेबर्डननं अंजायनाचं वर्णन केलं. चढावर, विशेषतः जेवण झाल्यावर चालताना छाती आवळते आणि थांबलं की बरं वाटतं, हे त्याचं निरीक्षण आजही तसंच शिकवतात. पण सुरुवातीला या रुग्णांना धाप लागत नाही, असंही त्यानं आवर्जून नोंदवलं होतं. पुढे कळ हीच हृदयाची खूण ठरली.

२००५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात स्ट्रेस टेस्टसाठी आलेल्या १७,९९१ जणांचा अभ्यास छापला. हृदयविकाराचं निदान आधी झालेलं नाही, पण धाप लागते, अशांमध्ये हृदयामुळे अचानक मृत्यू येण्याचा धोका कुठलंच लक्षण नसलेल्यांच्या चौपट होता. नेहमीचा अंजायना असलेल्यांपेक्षाही तो दुपटीहून जास्त निघाला!

असं का व्हावं? आकुंचनाप्रमाणेच सैल पडण्यासाठीही हृदयाच्या स्नायूला ऊर्जा लागते. करोनरी धमनी अरुंद झाली की श्रमाच्या वेळी रक्त कमी पडतं आणि आधी हे सैल पडणंच बिघडतं. डावा कप्पा ताठर होतो, त्यात रक्त शिरायला जागा उरत नाही. अलका चौकात गाड्या अडल्या की रांग लकडी पुलावरून मागे डेक्कनपर्यंत जाते, तसा दाब मागे सरकत फुप्फुसांपर्यंत पोचतो. कळ येते ती यानंतर, कित्येकदा येतच नाही.

फुप्फुसांत वाढलेल्या या दाबाची वर्दी मेंदूला कोण देतं, हे शोधणारा शास्त्रज्ञ भारतीय होता, आणि शाळेच्या पुस्तकांत त्याचं नाव असायलाच हवं. ऑतार सिंग पैंटल! १९५० च्या दशकात त्यांनी मांजरांच्या व्हेगस नसेतला एकेक तंतू सुटा करून त्यातले विद्युत संदेश टिपले. फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांना लागून असलेल्या ज्या संवेदकांकडून हे संदेश येत, त्यांना पुढे त्यांनी ‘जे रिसेप्टर’ नाव दिलं. धापेत त्यांचा नेमका वाटा किती, यावर वाद आहे; शोधाचं मोल त्यानं उणावत नाही. पैंटल १९८१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

भारतीयांना हा विषय जास्तच लागू पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का गाठतो, ते त्या एका पानात दिसतं. मधुमेहात नसा बोथट होतात आणि हृदयाची कळ जाणवेनाशी होते. अशा माणसाला धाप हीच काय ती सूचना मिळते.

म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘दम लागतो’ सांगून भागत नाही. पूर्वी न थांबता चढता येणाऱ्या जिन्यावर आता कुठे थांबावं लागतं, थांबल्यावर किती वेळात बरं वाटतं, घरात कोणाला हृदयविकार होता का, हे सांगावं. रक्त कमी असलं किंवा दमा असला तरी धाप लागतेच, त्या तपासण्याही व्हाव्यात. पण झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. टूडी एको किंवा स्ट्रेस टेस्ट हवी का, हे विचारून घ्यावं. बसल्या जागी एकाएकी धाप लागली आणि दरदरून घाम फुटला, तर मात्र तपासणीची तारीख घेत न बसता थेट रुग्णालय गाठावं.