विश्लेषण : मनगटावर नाव, छातीवर छोटा ध्वज... समुद्रावरून न परतलेल्यांची आठवण कशी ठेवली जाते?

होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ १३ एप्रिल २०२४ रोजी ‘एमएससी एरीज’ या कंटेनर जहाजावर इराणचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोराने उतरले आणि त्यांनी जहाज ताब्यात घेतले. या जहाजाचे पुढचे बंदर होते रायगड किनाऱ्यावरील न्हावा शेवा. जहाजावरील २५ कर्मचाऱ्यांपैकी १७ भारतीय होते. त्यांची पुढे टप्प्याटप्प्याने सुटका झाली, मात्र तोवर त्यांच्या घरच्यांना वाट पाहण्यापलीकडे काही करता येण्यासारखे नव्हते. मोहिमेवर असलेल्या किंवा मोहिमेवरून न परतलेल्या माणसाचे नाव अंगावर बाळगण्याची पद्धत काही देशांत आहे. आपल्याकडे तसे काय आहे आणि व्यापारी जहाजावरील खलाशी त्यात कुठे बसतो, हे समजून घेऊ.

नाव कोरलेल्या ब्रेसलेटची कल्पना कुठून आली?

व्हिएतनाम युद्धात शत्रूच्या ताब्यात सापडलेल्या आणि बेपत्ता झालेल्या अमेरिकी सैनिकांचा प्रश्न १९७० च्या सुमारास तिथे तापला होता. लॉस एंजेलिसमधील काही विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी धातूचे साधे कडे तयार केले. त्यावर एकाच सैनिकाचे नाव, हुद्दा आणि तो हरवल्याची तारीख कोरलेली असे. ११ नोव्हेंबर १९७० रोजी ही मोहीम औपचारिकपणे सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत सुमारे ५० लाख कडी लोकांच्या मनगटावर गेली. तो सैनिक परत येईपर्यंत किंवा त्याचे काय झाले हे कळेपर्यंत कडे काढायचे नाही, असा संकेत होता. सैनिक सुखरूप परतल्यावर अनेकांनी आपल्या हातातील कडे त्याला टपालाने पाठवून दिले. पुढे युद्धात मरण पावलेल्यांच्या आणि मोहिमेवर असलेल्यांच्या नावानेही अशी ब्रेसलेट वापरली जाऊ लागली.

या पद्धतीचे बळ त्या एका नावात आहे. ‘सैनिकांबद्दल आदर’ ही मोघम भावना राहत नाही. कुणी ‘हे कोण?’ असे विचारले की कडे घालणाऱ्याला त्या माणसाबद्दल सांगावे लागते.

भारतात असे काही आहे का?

नावाचे कडे घालण्याची प्रथा आपल्याकडे रूढ नाही. सर्वांत परिचित चिन्ह म्हणजे ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा कागदी ध्वज. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. ध्वजावरील लाल, गडद निळा आणि आकाशी हे रंग तिन्ही दलांचे आहेत. ध्वजदिनाचा निधी युद्धविधवा, अपंग जवान आणि माजी सैनिकांच्या कल्याणासाठी वापरला जातो. महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये तो गोळा करतात. दिल्लीच्या ‘युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन’ने ब्रिटनमधील लाल पॉपीच्या फुलाच्या धर्तीवर झेंडूचे फूल हे भारतीय स्मरणचिन्ह म्हणून सुचवले आहे.

मनगटाशी जोडलेली प्रथा म्हणजे राखी. राज्यातील अनेक शाळा दरवर्षी सीमेवरील जवानांना राख्या पाठवतात. पण दोन्हींची दिशा उलटी आहे. राखी मोहिमेवरच्या माणसाच्या हातात जाते, तर नावाचे कडे घरी राहिलेल्याच्या हातात असते.

या चिन्हांवर कुणा एकाचे नाव नसते. त्यामुळे १९७१ च्या युद्धातील ५४ बेपत्ता सैनिकांचा विषय संसदेत आणि न्यायालयात वारंवार येऊनही त्यांची नावे सर्वसामान्यांच्या तोंडी नाहीत. ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘आयएनएस खुकरी’ बुडाली, तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांचे नाव सर्वांना माहीत आहे. उरलेल्यांची नावे ज्याच्या त्याच्या घरात राहिली.

व्यापारी जहाजावरील खलाशी ‘सैनिक’ असतो का?

कायद्याने नाही. मर्चंट नेव्हीतील खलाशी कंपनीशी करार करून जहाजावर जातो. त्याला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही आणि ध्वजदिनाचा निधीही त्याच्यासाठी नसतो. धोका मात्र अनेकदा सैनिकाइतकाच असतो. सोमाली चाच्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज पळवले. २०११ मध्ये जहाज सुटले, पण सात भारतीय कर्मचाऱ्यांना चाच्यांनी ठेवून घेतले. ते ऑक्टोबर २०१४ मध्ये, म्हणजे चार वर्षांनंतर सुटले. ओलीस असलेल्या खलाशाचे वेतन सुरू ठेवण्याची तरतूद सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात डिसेंबर २०२० पासून लागू झाली.

खलाशांसाठीही एक छोटा ध्वज आहे. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘एसएस लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्या आठवणीत १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. त्याआधीच्या मर्चंट नेव्ही सप्ताहात पंतप्रधानांच्या छातीवर व्यापारी नौदलाचा छोटा ध्वज लावण्याची प्रथा आहे. बंदर आणि जहाज व्यवसायाबाहेर हा ध्वज फारसा कुणी पाहिलेला नसतो.

बुडालेल्या खलाशांची नावे कुठे आहेत?

मुंबईत, मस्जिद बंदर परिसरातील ‘इंडियन सेलर्स होम’मध्ये. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील नावे भिंतीवर नाहीत, ती नोंदवहीत आहेत. अविभाजित भारतातील सहा हजारांहून अधिक नाविकांची ही यादी असून त्यातील बहुतेक व्यापारी जहाजांवरचे आहेत. अशीच नोंदवही बांगलादेशातील चितगावमध्येही आहे. सारंग, टंडेल, भंडारी, आगवाला असे हुद्दे असलेल्या या माणसांत कोकणातले खलाशी मोठ्या संख्येने होते.

हा इतिहास मुंबई बंदरापासून फार दूरचा नाही. २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेले ‘एसएस तिलावा’ तीन दिवसांनी जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाले. त्यात २८० जण गेले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर २५ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत, पण ती स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांची. हे खलाशी त्या भिंतींवर नाहीत.

न्हावा शेवाचा संबंध काय?

२६ मे १९८९ रोजी सुरू झालेले हे बंदर आज देशातील प्रमुख बंदरांच्या कंटेनर वाहतुकीचा सुमारे निम्मा भार उचलते. ही वाहतूक खलाशांशिवाय होत नाही. शेजारच्या न्हावा गावात ‘ट्रेनिंग शिप रेहमान’ ही खलाशी घडवणारी जुनी संस्था आहे. इथल्या आगरी-कोळी गावांत नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केला जातो. राखीचा दिवसही तोच. समुद्रावर गेलेला माणूस सुखरूप परत यावा, ही प्रार्थना इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परत न आलेल्याचे नाव मात्र पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतेच असे नाही.

एखाद्याच्या नावाचे ब्रेसलेट घालायचे असल्यास?

त्यासाठी परवानगी लागत नाही. नाव आणि तपशील अचूक असणे मात्र महत्त्वाचे. महायुद्धांतील खलाशांची नावे ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’च्या संकेतस्थळावर मोबाइलवरूनही शोधता येतात. तिथे हुद्दा, जहाज आणि मृत्यूची तारीख दिलेली असते. नाव अलीकडच्या काळातील असेल तर आधी कुटुंबाला विचारलेले बरे. सर्वच घरांना आपले दुःख अनोळखी मनगटावर मिरवलेले आवडत नाही.

साधे नाव कोरलेले कडे घालण्यात अडचण नाही. पण आपण सैनिक आहोत असा समज करून देण्यासाठी सैन्याचा गणवेश किंवा चिन्ह वापरणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. ब्रेसलेट विकून ‘जवानांसाठी’ पैसे गोळा करणारे ऑनलाइन विक्रेतेही तपासून घ्यावेत. ध्वजदिन निधीसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचे अधिकृत खाते किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हा खात्रीचा मार्ग आहे.

आपल्या घरातील, गावातील कुणी जहाजावर गेले आणि परतले नसेल, तर पहिले काम सोपे आहे. त्याचे पूर्ण नाव, जहाज आणि तारीख घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवणे. कड्यावर कोरायला तेवढेच लागते आणि सगळ्यात आधी विसरले जाते तेही तेवढेच.