चिठ्ठी सापडल्यानंतर

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर सोडलं की नारायणगावच्या दिशेला कळंब लागतं. इथली मुलं पुढच्या शिक्षणासाठी मंचरला, नारायणगावला, जुन्नरला किंवा अवसरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जातात. कॉलेजं वेगवेगळी असली तरी पदवीच्या परीक्षेवर अधिकार एकाच विद्यापीठाचा, १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचा. २०१४ पासून त्याच्या नावाआधी सावित्रीबाई फुले हे नाव लागलं. परीक्षेच्या हॉलमध्ये एखाद्याच्या पॅडखाली चिठ्ठी सापडली, तर त्या चिठ्ठीचा प्रवासही याच विद्यापीठापर्यंत होतो. हा प्रवास फार थोड्यांना ठाऊक असतो. म्हणूनच एका चुकीनंतर घाबरून कॉलेज सोडणारी मुलं गावोगाव भेटतात.

पहिली गोष्ट म्हणजे चिठ्ठी सापडली म्हणून पर्यवेक्षक कुणाला नापास करू शकत नाही. तो अधिकार भरारी पथकालाही नाही आणि प्राचार्यांनाही नाही. चिठ्ठी आणि तोवर लिहिलेली उत्तरपत्रिका जप्त होते. विद्यार्थ्याकडून लेखी खुलासा घेतला जातो. मग सहसा दुसरी कोरी उत्तरपत्रिका देऊन पेपर पुढे लिहू देण्याची पद्धत आहे, आणि ती मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आरोप झाला आहे, पण तो अजून सिद्ध झालेला नाही, हे एका कोऱ्या उत्तरपत्रिकेइतकं स्वच्छ दुसरं काय सांगणार?

जप्त केलेले कागद पुढे विद्यापीठाकडे जातात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा व मूल्यमापन मंडळ गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समिती नेमतं. तिच्यात पाचांहून अधिक सदस्य नसतात. परीक्षार्थीच नव्हे, तर पेपर काढणारे आणि तपासणारे प्राध्यापकही याच तरतुदीच्या कक्षेत येतात. विद्यार्थ्याला नोटीस जाते, त्याचं म्हणणं ऐकलं जातं आणि मगच शिक्षा ठरते. ती त्या विषयाचे गुण रद्द होण्यापासून संपूर्ण परीक्षा रद्द होऊन पुढच्या परीक्षांना बंदी येण्यापर्यंत असू शकते. पेपर फोडणं किंवा बाहेरून उत्तरं पुरवणं हे प्रकरण मात्र पोलिसांपर्यंत जातं. महाराष्ट्रात त्यासाठी १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे.

म्हणणं ऐकण्याची ही अट आपोआप आलेली नाही. उत्तर प्रदेशात इंटरमिजिएटच्या तीन मुलांचे निकाल, पास झाल्यानंतर, त्यांना न विचारताच रद्द झाले होते. ती मुलं न्यायालयात गेली. १९६२ साली घनश्याम दास गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं, की ज्या निर्णयाने मुलाचं भवितव्य बदलतं, तो घेणाऱ्या समितीने आधी त्याची बाजू ऐकलीच पाहिजे. आज कळंबच्या मुलाच्या हाती नोटीस पडते, तिच्या मुळाशी त्या तीन मुलांची लढाई आहे. याला एक अपवाद आहे. १९७० साली बिहारच्या एका प्रकरणात न्यायालय म्हणालं, की केंद्रच्या केंद्र सामूहिक कॉपीने बिघडलं असेल आणि कुणा एकावर ठपका ठेवायचा नसेल, तर प्रत्येकाची वेगळी सुनावणी घेण्याची गरज नाही.

पुरावा किती लागतो, हा प्रश्न महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने सोडवला. मार्च १९९० च्या दहावीच्या परीक्षेत नियामकांच्या गुणपत्रकांत खाडाखोड होऊन २८३ परीक्षार्थींचे गुण वाढवल्याचं उघड झालं. राज्याच्या शिक्षण मंडळाने निकाल रद्द केले. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निर्णय दिला, पण १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. खुनाच्या खटल्यात लागतो तसा संशयातीत पुरावा इथे लागत नाही, घटना घडली असण्याची शक्यता अधिक दिसली तरी पुरे, असं त्याचं सूत्र होतं. म्हणूनच ‘मला लिहिताना कुणी पाहिलं नाही’ हा बचाव टिकत नाही. पंजाब विद्यापीठाच्या एका प्रकरणात, १९७२ साली, लागोपाठच्या क्रमांकांच्या दोघांनी नेमक्या त्याच चुका केल्या होत्या, आणि त्या चुकाच त्यांच्याविरुद्ध बोलल्या.

हे झालं परीक्षेतल्या गैरप्रकारांबद्दल. पीएच.डी.च्या प्रबंधातल्या चोरीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वेगळे नियम आहेत. दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा, ६० टक्क्यांपर्यंत असेल तर सुधारित प्रबंध द्यायला वर्षभर बंदी, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. सलग १४ शब्दांपर्यंतचं साम्य मोजणीत धरत नाहीत. विभागाची समिती दंडाची शिफारस करते आणि संस्थेची समिती तिचा फेरविचार करू शकते. वर्गातले असाइनमेंट आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका या नियमांत येत नाहीत.

पदवीच्या विद्यार्थ्यापुढेही दारं आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालाने तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहण्याचा हक्क मिळाला. कॉलेजच्या तक्रार निवारण समितीने दाद दिली नाही, तर २०२३ च्या नियमांनुसार विद्यापीठाच्या लोकपालाकडे पंधरा दिवसांत जाता येतं. तो निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो. गुणांच्या फेरतपासणीचे अर्ज तो सहसा घेत नाही, एखादी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवता आला तरच घेतो. सगळ्यात शेवटी उरतं मुंबई उच्च न्यायालय. आणि तिथेही पहिल्यांदा मागितला जाणारा कागद असतो पेपरच्या दिवशी हॉलमध्ये लिहून दिलेला तो खुलासा. तो अनेक जण भीतीपोटी, समोरून सांगितला जाईल तसा, न वाचता सही करून देऊन टाकतात.