लष्करी जुन्या जीपगाडीच्या मूळ बैठका कशा ओळखाव्यात

भिवंडी तालुक्यात भातशेती आणि पेंढा-गवताची वाहतूक पूर्वापार चालत आलेली आहे. मुंबई-आग्रा रस्त्याच्या दुतर्फा आता वखारींची गर्दी झाली असली, तरी आतल्या गावांत खाचरापासून खळ्यापर्यंत आणि खळ्यापासून सडकेपर्यंत माल पोचविण्याचा प्रश्न कायम आहे. पावसाळ्यातील चिखलात चारही चाकांना जोर देणारी जीपगाडी या कामी सोयीची वाटते. लष्कराने मोडीत काढलेली जुनी जीप हातोहाती फिरत शेतकऱ्याच्या दारी येते, ती बहुधा याच कारणाने. परंतु अशा गाडीवर मधल्या काळात अनेक कारागिरांचे हात फिरलेले असतात. कारखान्यात बसविलेला आधार कोणता व नंतर जोडलेला कोणता, हे न ओळखता तिला ट्रेलर किंवा पंप जोडल्यास नुकसान होते. प्रसंगी जीवावरही बेतते.

बैठक म्हणजे काय

वाहनाचा एखादा भाग अथवा अवजार ज्या लोखंडी आधारावर बसविलेले असते, त्या आधारास येथे बैठक म्हटले आहे. गॅरेजमध्ये इंजिनाच्या बैठकीस फाउंडेशन व इतर बैठकांस ब्रॅकेट म्हणण्याचा प्रघात आहे. बैठकीवर आलेला भार चासीमध्ये उतरतो. कारखान्यात बैठक बसविताना तो भार कोणत्या दिशेने येणार याचा हिशेब केलेला असतो व आवश्यक तेथे आतून जादा आधार दिलेला असतो. नंतर जोडलेल्या पट्टीमागे असा हिशेब असतोच असे नाही.

या गाड्या कोठून आल्या

१९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून ६ लाखांहून अधिक लष्करी जीपगाड्या तयार केल्या. विलीजच्या गाडीस एमबी व फोर्डच्या गाडीस जीपीडब्ल्यू असे नाव होते. महायुद्ध संपल्यावर हिंदुस्थानात उरलेले लष्करी सामान विक्रीस निघाले. शेतीलाही त्याचा लाभ झाला. कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोडण्यासाठी केंद्र शासनाने जी ट्रॅक्टर संघटना उभारली, तिचे काम प्रथम युद्धातून उरलेल्या ट्रॅक्टरांवरच सुरू झाले. १९४९ मध्ये मुंबईतील माझगाव येथे महिंद्र कंपनीने विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे जबलपूर येथील शासकीय कारखान्यात १९६९ ते १९९९ या काळात लष्करासाठी जोंगा ही अधिक मोठी गाडी तयार झाली. त्यामुळे ‘मिलिटरीची जीप’ म्हणून दाखविली जाणारी प्रत्येक गाडी एकाच घराण्यातील नसते.

ओळखण्याच्या मुख्य खुणा

युद्धकालीन जीपच्या पुढील जाळीला नऊ उभ्या फटी असतात. युद्धानंतरच्या नागरी जीपला सात. मात्र जाळी बदलणे सोपे असल्यामुळे केवळ तेवढ्यावर विसंबू नये. खरी साक्ष चासी देते.

१. रेडिएटरखालील आडवा दांडा : विलीजच्या गाडीत हा दांडा गोल नळीचा असतो. फोर्डच्या गाडीत तो उलट्या पन्हळीच्या आकाराचा, चौकोनी असतो. गाडीपुढे वाकून पाहिले असता हा फरक लगेच कळतो.

२. बोल्टांची डोकी : फोर्डने आपल्या अनेक भागांवर व बोल्टांवर इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटविलेले असे. दोन्ही कारखान्यांचे भाग एकमेकांस बसत असल्याने एकाच गाडीत दोहोंचे भाग सापडणे नवल नाही. तेवढ्यावरून गाडी टाकाऊ ठरत नाही.

३. स्टिअरिंगची बैठक : युद्धकालीन जीपचे चाक डावीकडे असे व स्टिअरिंगची पेटी डाव्या चासीवर बसविलेली असे. चाक उजवीकडे नेलेले दिसल्यास डाव्या चासीवर जुन्या बैठकीची भोके शोधावीत. उजवीकडील नवी बैठक विशेष काळजीने तपासावी. ती निखळल्यास गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही.

४. इंजिनाचे फाउंडेशन : इंजिन पुढे डाव्या व उजव्या चासीवर रबरी गादीसह टेकते, मागील भार गिअरपेटीखालच्या आडव्या पट्टीवर येतो. त्या जागी लोखंडी तुकडे घालून उंची साधलेली दिसली, तर इंजिन दुसऱ्या गाडीचे असण्याचा संभव असतो.

५. मागील हूक : मूळ हूक चासीच्या मागील आडव्या पट्टीच्या मध्यावर बोल्टांनी बसविलेला असून त्यामागे तिरकस आधार असतात. हूक बंपरवर किंवा पत्र्यावर सांधलेला असल्यास तो मूळ नव्हे.

६. बॉडीवरील लहान बैठका : कुऱ्हाड व फावडे अडकविण्याच्या बैठका चालकाच्या बाजूस बाहेरून असतात. मागील पत्र्यावर उजवीकडे जादा चाकाची बैठक आणि डावीकडे पेट्रोलच्या डब्याची चौकट असते. काचेच्या चौकटीच्या आतील बाजूस बंदूक ठेवण्याची पट्टी असे. यांपैकी काही नसले, तरी त्यांची भोके किंवा बुजविलेल्या खुणा राहतात.

जुनी व नवी बैठक यांतील भेद

प्रथम गाडीचा तळ धुवून घ्यावा व मळी रॉकेल आणि मऊ ब्रशाने काढावी. नंतर डावी व उजवी बाजू ताडून पाहावी. कारखान्यातील जोड दोन्ही अंगांस सारख्या अंतरावर व सारख्या मापाचे असतात. रिव्हेट एका ओळीत असतात. कारखान्यातही काही भाग वेल्डिंगने जोडलेले असत, परंतु तो सांधा एकसारखा व आवश्यक तेवढ्याच लांबीचा असतो. मागाहून केलेल्या सांध्यावर गाठी दिसतात आणि आसपासचा पत्रा उष्णतेने वाकलेला असतो. साच्याने पाडलेल्या भोकाची कड स्वच्छ असते; गॅसने कापलेल्या भोकाची कड दातेरी असते. मूळ बैठकीखाली व बोल्टाच्या डोक्याखाली लष्करी हिरव्या रंगाचा थर बहुधा सापडतो. वरच्या रंगावरून मात्र काही ठरवू नये, कारण तो एका दिवसात चढविता येतो.

भार किती घालावा

लष्करी पुस्तिकेप्रमाणे या जीपची क्षमता चालक व माणसे धरून ८०० पौंड, म्हणजे सुमारे ३६० किलो आहे. हुकाला ओढावयाचा भार जास्तीत जास्त १,००० पौंड, म्हणजे सुमारे ४५० किलो आहे. तिच्यासाठी केलेला लहान लष्करी ट्रेलर रिकामाच सुमारे २५० किलो भरतो. म्हणजे त्यात भात भरावयाचे ते दोन क्विंटलच. भिवंडीकडील सडकांवर पेंढ्याचे उंच ढीग लादलेले ट्रेलर दिसतात. तसा भार या हुकासाठी नव्हे. मूळ हूकदेखील अशा भाराने थकतो, मग पत्र्यावर सांधलेल्या हुकाची काय कथा! उतारावर हूक सुटला म्हणजे ट्रेलर मागून येणाऱ्यावर जातो.

पंप किंवा अन्य यंत्र बसवावयाचे झाल्यास त्याची चौकट चासीवरील मूळ भोकांत बोल्टांनी जोडावी. चासीच्या वरच्या व खालच्या कडेस नवे भोक पाडू नये, कारण ताण तेथेच अधिक येतो. स्प्रिंगच्या पाट्यावर वेल्डिंग कधीही करू नये. उष्णतेने पाटा ठिसूळ होऊन तुटतो. या जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. टाकी उतरविल्याशिवाय त्या भागात वेल्डिंगची ठिणगी पडू देऊ नये. रिकाम्या टाकीतील वाफही पेट घेते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढून ठेवावी.

कागदपत्रे व कायदा

विलीजच्या गाडीचा क्रमांक डाव्या चासीच्या आतील बाजूस, पुढील बंपरामागे, रिव्हेटने बसविलेल्या पट्टीवर असे. फोर्डच्या गाडीचा क्रमांक डाव्या चासीच्या वरच्या अंगावर ठोकलेला असतो. हा क्रमांक कागदांशी ताडून पाहावा. त्या जागी कानस फिरविलेली दिसल्यास व्यवहार करू नये. लिलावातील गाडी असेल, तर लष्करी अधिकाऱ्याने दिलेला विक्रीचा दाखला मागावा.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ प्रमाणे कारखान्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा ठरेल असा फेरफार वाहनात मनमानीने करता येत नाही. तसेच जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या वाहनाची विंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. असे वाहन नेहमीच्या वा धंद्याच्या वाहतुकीस वापरता येत नाही. परंतु जुन्या गाड्यांची कदर करणारे मूळ बैठका शाबूत असलेल्या गाडीस चांगली किंमत देतात. गोठ्याशेजारी पडून असलेल्या जीपवरील ‘निरुपयोगी’ ब्रॅकेट भंगाराच्या भावाने कापून देणारा शेतकरी आपल्याच मालाचे मोल कमी करतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सल्ला देताना आधी गाडीखाली वाकून पाहण्याचा आग्रह धरावा. आडवा दांडा, स्टिअरिंग, फाउंडेशन, हूक व क्रमांक या पाच जागा पाहावयास अर्धा तास पुरतो. मूळ बैठक ओळखली, की भार कोठे द्यावा व हत्यार कोठे लावू नये हे आपोआप कळते.