जगबुडीनंतर कथा कोण मागणार?

जगबुडीनंतरच्या कादंबऱ्यांचा जीव एकाच प्रश्नात अडकलेला असतो: सगळे संपल्यावर आठवण उरणार कुठे? वॉल्टर मिलरच्या 1959 सालच्या ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’मध्ये अणुयुद्धानंतर मठातले साधू जुने कागद जिवापाड जपतात. त्यांतली साधी सामानाची यादीही त्यांना पवित्र वाटते, कारण कागद शाबूत आहे आणि अर्थ गेला आहे. रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट 451’मध्ये (1953) पुस्तके जाळली जातात, तेव्हा माणसे एकेक पुस्तक पाठ करून रानोमाळ हिंडतात आणि कुणीतरी विचारील या आशेवर थांबतात. खरी अडचण मला इथे दिसते. आठवण टिकायची तर ती साठवणाऱ्याइतकाच ती मागणाराही लागतो.

तेलंगणातल्या आदिलाबादच्या गोंड आदिवासींनी ही सोय केव्हाच करून ठेवली. त्यांच्या पुराणकथेतही मोठा विध्वंस आहे: देव गुहेत कोंडले जातात आणि पहांडी कुपार लिंगो व जंगुबाई त्यांना सोडवतात. ही कथा गातो परधान, म्हणजे गोंडांचा भाट, घोड्याच्या केसांच्या गजाने किकरी हे तंतुवाद्य वाजवत. त्याची घरची भाषा मराठी, गाणे मात्र गोंडीत. परधानाचे घर पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक गोंड घरांशी बांधलेले असते. पेर्सापेन या कुळदेवाच्या पूजेला, मयताच्या विधीला त्याला बोलवावेच लागते आणि त्याचा धान्याचा, गुराढोरांचा मान द्यावाच लागतो. या कथा कागदावर आल्या त्या एका उठावानंतर. निजामाविरुद्ध लढणारा गोंड नेता कुमराम भीम 1940 मध्ये जोडेघाटला मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासासाठी नेमले. त्यांच्या 1948 च्या ग्रंथात परधानांच्या बऱ्याच कथा आल्या आहेत.

तोंडी परंपरेत कथा बदलत जाते, हा आक्षेप खरा आहे. पण समोर बसलेल्यांना आपल्या कुळाचे देव ठाऊक असतात, त्यामुळे गाणाऱ्याला वाटेल तसे सांगता येत नाही. मिलरच्या साधूंची चूक दाखवायला असे कोणीच नव्हते. मग लिहून ठेवले की भागेल ना, असेही कोणी म्हणेल. आदिलाबादमधल्याच नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतली हस्तलिखिते मिळाली आणि 2018 मध्ये ती लिपी युनिकोडमध्येही आली. मोठीच गोष्ट झाली ही. पण पोथ्या उजेडात आल्या तेव्हा त्या वाचू शकणारी मोजकीच वडीलधारी माणसे उरली होती. लिपीचे वर्ग सुरू झाले ते म्हणूनच. असेच पाठबळ किकरीलाही हवे. गोंडाच्या शेतातून परधानाचा मान निघेनासा झाला, तर त्याचा मुलगा दुसरे काम धरणारच, आणि ध्वनिफीत कितीही स्वच्छ असली तरी मयताच्या घरी बसून गाणार नाही.