फाशांच्या मोहिमेचा आरंभ कसा करावा

हौसेनें आरंभिलेलीं पुष्कळ कामें आळसानें नव्हे, तर अतिउत्साहानें बुडतात. कल्पनासृष्टींतील साहसांचा जो खेळ चार-पांच मित्र मेजाभोंवतीं बसून खेळतात, त्याच्या बाबतींत हा अनुभव वारंवार येतो. कोणी एक हौशी गृहस्थ मोहीम चालविण्याचें पत्करतो. नकाशे काढूं लागतो, राजांच्या वंशावळी रचतो, देवदेवतांचीं नांवें ठरवितो. नोकरी व घर सांभाळून आठवड्यांतून जे दोन तास मिळतात, ते यांतच खर्च होतात. महिने लोटतात, मित्रांचा उत्साह ओसरतो, आणि पहिली बैठक कधींच भरत नाहीं. जग तयार होतें, पण त्यांत कोणी पाऊल टाकीत नाहीं. हें टाळतां येण्यासारखें आहे, व तें कसें टाळावें हें या खेळाच्या जन्मकथेवरूनच कळतें.

प्रथम खेळाचें स्वरूप पाहूं जातां तें असें : खेळणाऱ्यांपैकीं एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात; कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चतुर चोर. सूत्रधार प्रसंगाचें वर्णन करतो, आपलें पात्र काय करतें तें खेळाडू सांगतात, आणि ज्या कृत्याचें फळ अनिश्चित असेल त्याचा निर्णय वीस बाजूंचा फांसा करतो. समजा, एका पात्राला ओली भिंत चढावयाची आहे. सूत्रधार १५ हा आंकडा ठरवितो. पात्राच्या अंगच्या कौशल्याबद्दल ३ मिळत असतील, तर फाशावर १२ किंवा अधिक पडले पाहिजेत. म्हणजे २० शक्यतांपैकीं ९ अनुकूल. यश येवो वा अपयश, कथा पुढें सरकते. अशा अनेक बैठकींतून चालणाऱ्या सलग कथेला मोहीम म्हणतात.

या खेळाचें पहिलें छापील रूप म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत, लेक जिनीव्हा नांवाच्या लहान गांवीं, गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ति अवघी १,००० प्रतींची; एका पेटींत तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर. त्यापूर्वीं आर्नेसन यांनीं मिनेसोटांत ‘ब्लॅकमूर’ नांवाच्या किल्ल्याखालील भुयारांतून आपल्या मित्रांना हिंडविलें होतें. तो प्रकार १९७२ सालीं गायगॅक्स यांनीं पाहिला, आणि ‘ग्रेहॉक’ नांवाच्या किल्ल्याखालीं त्यांनीं स्वतःचीं भुयारें काढलीं. त्यांत प्रथम उतरलीं तीं त्यांचींच दोन मुलें. पुढें भुयाराजवळ शहर वसलें, शहराभोंवतीं प्रदेश पसरला, आणि त्या जगाचें पुस्तक छापलें गेलें तें १९८० सालीं. रानावनांतील प्रवासासाठीं तर मूळ नियमांतच, ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या दुसऱ्याच एका खेळाचा पट वापरावा, अशी सूचना होती. तयार वस्तूचा उपयोग करण्यांत कर्त्यांनींही कमीपणा मानला नाहीं.

गायगॅक्स यांचें १९७९ सालचें ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हें साहसही याच वळणाचें आहे. सरहद्दीवरचा एक किल्ला, जवळच राक्षसांनीं व्यापलेल्या गुहा, आणि किल्ल्यांत कानीं पडणाऱ्या खऱ्याखोट्या अफवांची यादी, एवढी त्याची सामग्री. किल्ल्यांतील माणसांचे हुद्दे तेवढे दिले आहेत. नांवें सूत्रधारानें द्यावयाचीं.

यावरून अल्प तयारीचा नियम सहज निघतो : जग रचूं नये, प्रसंग रचावा. प्रसंग म्हणजे एक जागा, एक संकट, आणि त्या संकटांत ज्यांचा स्वार्थ गुंतला आहे अशीं माणसें. उदाहरणार्थ, नदीकांठचें एक खेडें घ्यावें. तेथील नावाडी तीन रात्रींपूर्वीं पैलतीरीं गेला तो परतला नाहीं, आणि पलीकडच्या ओसाड बुरुजांत आतां दिवा दिसतो. नावाड्याच्या बायकोला नवरा परत हवा आहे. गांवच्या मुख्याला बोभाटा नको आहे, कारण बुरुजाची किल्ली त्यानेंच पैसे घेऊन एका परक्याला दिली. खानावळवाल्याला एवढेंच हवें आहे कीं, नाव पुन्हां सुरू होऊन वाटसरू यावे. तिघांच्या तीन इच्छा ठरल्या, कीं खेळाडूंनीं कोणताही प्रश्न विचारला तरी उत्तर सुचतें. संवाद लिहून ठेवण्याचें कारण उरत नाहीं. बुरुजांतील परक्याचाही कांहीं बेत असावा. पांच दिवसांत तो लुटारूंची टोळी नदीपार आणणार आहे, एवढें ठरलें म्हणजे पात्रें स्वस्थ बसलीं तरी कथा स्वस्थ बसत नाहीं.

दोन तासांची वांटणी अशी करतां येते. खेडें व संकट यांना २० मिनिटें, तीन माणसांना २०, आणि धक्का, खानावळ व बुरूज या तीन जागांना २०. शत्रूंचें बळ ठरविण्यास ३० मिनिटें पुरतात, कारण तें नव्यानें रचावयाचें नसून पुस्तकांतून उतरून घ्यावयाचें असतें. या खेळाच्या मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून सर्वांस विनामूल्य व मुक्तपणें वापरण्यास खुला झाला आहे. पुढचीं २० मिनिटें गुपितांसाठीं, आणि शेवटचीं १० नांवांच्या यादीसाठीं. ही यादी क्षुल्लक वाटते. पण वाटेंत भेटलेल्या मेंढपाळाचें नांव सांगतांना सूत्रधार अडखळला, कीं तें जग कागदाचें आहे हें सर्वांच्या ध्यानांत येतें.

गुपितांविषयीं माईक शे या अमेरिकन लेखकानें, अल्प तयारीवरच लिहिलेल्या आपल्या २०१८ सालच्या पुस्तकांत, एक मार्मिक सूचना केली आहे. प्रत्येक बैठकीसाठीं दहा गुपितें थोडक्यांत लिहावीं, पण तीं कोठें उघडकीस येतील हें आधीं ठरवूं नये. मुख्यानें किल्ली विकल्याचें गुपित त्याच्या कपाटांतील वहींतच ठेवलें, आणि खेळाडूंनीं कपाट उघडलेंच नाहीं, तर कथा तेथें अडते. तेंच मोकळें ठेवलें, तर खानावळींतला एखादा दारुडा तें बरळूं शकतो.

पहिल्या बैठकीचा निम्मा भार खेळाडूच उचलतात. पात्रें सर्वांनीं एकत्र बसून तयार करावीं, आणि सूत्रधारानें प्रत्येकास दोन प्रश्न विचारावे : शेजारच्या पात्राशीं तुझी ओळख कशी, आणि या खेड्यांत तुझें कोण? नावाडी आपला मामा आहे असें एकानें सांगितलें, कीं संकट परक्याचें राहत नाहीं. कोणते विषय खेळांत नकोत, हेंही त्याच वेळीं ठरवावें. मग प्रारंभ कृतीनें व्हावा. २०१४ सालच्या ‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर’ या साहसांत पात्रें गाडी घेऊन निघालेलीं असतात. रस्त्यांत मेलेले घोडे दिसतात, आणि दबा धरून बसलेले गॉब्लिन नांवाचे ठेंगणे राक्षस चालून येतात. जगाचा इतिहास ऐकत बसण्याची पाळी कोणावर येत नाहीं. बैठक संपतांना मात्र एक प्रश्न न चुकतां विचारावा : पुढच्या वेळीं कोठें जाणार? उत्तर मिळालें, कीं पुढील तयारी तेवढ्याच वाटेची.

कोंकणांतील दशावतारी नट लिहिलेले संवाद पाठ करीत नाहींत. कथानक ठाऊक असतें, भाषणें रंगभूमीवर सुचतात. या खेळांत शेवटही ठाऊक नसतो, एवढा फरक. परंतु आयत्या वेळीं सुचणें म्हणजे बेफिकिरी नव्हे. फाशाचे मूळ नियम सूत्रधारास तोंडपाठ हवेत, आणि ओघांत जें उच्चारलें गेलें तें तत्काळ टिपून ठेवलें पाहिजे. गेल्या आठवड्यांत नदीवर पूल नव्हता आणि या आठवड्यांत आहे, असें झालें तर खेळाडूंचा विश्वास उडतो, व तो कोणत्याही फाशानें परत मिळत नाहीं.

म्हणून ज्याच्याजवळ दोनच तास आहेत, त्यानें एक खेडें, एक संकट आणि एक कोरी वही घेऊन मित्रांना बोलवावें. नावाड्याची बायको दाराशीं उभी आहे. तिची हकीकत ऐकावयास चौघे जमले, कीं मोहीम सुरू झाली. नदीपलीकडील राज्याचें नांव कोणी विचारील तेव्हां ठरवितां येईल.