लेसरचा ताप आणि खनिजांची साक्ष

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपले सहकारी के. एस. कृष्णन यांच्यासह २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास जो शोध लावला, त्याचे नाव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर पाडला, की इतस्ततः फाकणारा बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा असतो. त्यातला अगदी अल्प अंश मात्र रंग बदलून येतो. हा बदल पदार्थातील अणूंच्या कंपनांवर अवलंबून असतो आणि प्रत्येक खनिजाची कंपने निराळी असतात. म्हणून या प्रकाशाच्या रेषा तपासल्या, तर दगड न विरघळवता त्यातील खनिज ओळखता येते.

परंतु हा अंश फार तोकडा, कोटीत एखादा प्रकाशकण इतका. साहजिकच प्रखर प्रकाश हवा. रामन यांनी आरंभी सूर्यप्रकाश वापरला, पुढे पाऱ्याच्या वाफेचा दिवा. १९६० साली लेसर आला आणि काम पुष्कळ सुकर झाले. आता सूक्ष्मदर्शकातून लेसरचा किरण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या ठिपक्यावर आणता येतो.

अडचण येथेच सुरू होते. लेसरची शक्ती अवघी एक मिलिवॅट धरू. अकोल्याचे वैशाखातील भर दुपारचे ऊन दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट पडते. वरील ठिपक्यावर पडणारा प्रकाश त्याच्या बारा लाख पटींहून अधिक प्रखर भरतो! स्फटिकासारखे पारदर्शक खनिज तो आरपार जाऊ देते. लोखंडाची काळी वा गर्द खनिजे मात्र तो शोषून घेतात आणि तापतात.

तापल्यावर काय होते, हे आपण कुंभाराच्या आव्यात पाहिलेच आहे. मळकट मडके लाल होऊन निघते. पिवळी माती भाजली, की गेरूसारखी तांबडी होते. या पिवळ्या मातीचा रंग गोएथाइट या खनिजाचा. त्याच्या घडणीत पाण्याचे घटक बांधलेले असतात. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसला ते पाणी निघून जाते आणि हेमॅटाइट, म्हणजे गेरूचा लाल द्रव्यांश, मागे उरतो. काळे मॅग्नेटाइटही हवेत तापून अखेर हेमॅटाइट होते. लेसरच्या ठिपक्याखाली हीच भाजणी क्षणार्धात घडू शकते. यंत्र हेमॅटाइटच्या रेषा दाखवते. त्या खऱ्याच असतात, पण ते हेमॅटाइट आपणच केलेले असते.

याचे महत्त्व आपल्या वऱ्हाडातच कळेल. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर काळ्या बेसॉल्ट खडकात असून सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. ते अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने झाले, याचा भक्कम पुरावा १९७३ साली खडकातील खनिजांनीच दिला. मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बेसॉल्टचा; म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारकडे वळतात. आता समजा, तेथील एका खड्यात हेमॅटाइट आढळले. हा ताप आघाताचा, की आमच्या लेसरचा? उलट, गोएथाइट असते तर ते पाण्याची साक्ष देते. लेसरने ते भाजले, तर पाण्याचा पुरावाच आम्ही पुसून टाकला असे होईल.

उपाय साधे आहेत, पण धीर हवा. आरंभ अत्यंत मंद प्रकाशाने करावा आणि शक्ती पायरीपायरीने वाढवावी. रेषा सरकू लागल्या, रुंदावल्या किंवा नव्या उमटल्या, की थांबावे. ठिपका थोडा पसरट करावा, नमुना फिरता ठेवावा किंवा पाण्यात बुडवून तपासावा. काम झाल्यावर डाग पडला का, हे सूक्ष्मदर्शकातून पाहावे. रामन यांचा प्रकाश येथेही मदतीस येतो: बदललेल्या प्रकाशात काही कण शक्ती गमावून येतात, काही मिळवून, त्यांच्या प्रमाणावरून ठिपक्याचे तापमानच काढता येते.

मंद प्रकाशात रेषा उमटण्यास वेळ लागतो, हे खरे. तो वेळ वाचविण्याच्या मोहात आपण खनिजाला बोलते करण्याऐवजी आपलेच म्हणणे त्याच्या तोंडी घालतो. मंद आणि प्रखर अशा दोन्ही प्रकाशांत जी साक्ष एकच राहते, तीच ग्राह्य धरावी.