घटसर्प : गळ्याशी येणारा जिवाणू

जनावरांना घटसर्प करणारा पाश्चुरेला मल्टोसिडा हा जिवाणू काही धडधाकट जनावरांच्या घशातही दडून असतो. पावसाळ्याच्या तोंडावर चाराटंचाई, भिजणं, कामाचा ताण यांनी प्रतिकारशक्ती खालावली की तो रक्तात उतरतो. अंगात 105-106 अंश फॅरनहाइट ताप, गळ्याला सूज, श्वासाची घरघर. अनेकदा 24 तासांत जनावर दगावतं. गाईपेक्षा म्हैस लवकर बळी पडते. सूज दिसल्यावर औषधाला फारसा वाव उरत नाही, म्हणून पावसाआधीची लस चुकवूच नये. कोंबड्यांचा कॉलराही याच जिवाणूचा; 1880च्या सुमारास लुई पाश्चर यांनी त्यावर क्षीण केलेल्या जिवाणूंची लस सिद्ध केली. शेततळ्यातल्या रोहू-कटला माशांच्या अंगावर लाल व्रण दिसले, तर मात्र संशय याच्यावर नव्हे, एरोमोनास या दुसऱ्या जिवाणूवर घ्यावा; पाणी बिघडलं, दाटी वाढली की तो बळावतो.